नेलंस ते तुझं

आमच्या पाड्याचा देव गुरं राखतो. पोरी राखत नाही. हे मी चारचौघांत बोलले तेव्हा शेजारच्या रखमी काकूने कानांवर हात ठेवले, आणि आईने मीच काहीतरी चोरल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. पण मी खोटं काय बोलले? माझी आई, ठमी, अख्ख्या खैरपाड्याची गुरं रानात नेते. बाप होता तोवर हे काम त्याचं. तो गेल्यावर पाड्यातल्या एकाही बाप्याला उन्हापावसात गुरांमागे हिंडायची हौस नव्हती, म्हणून काठी आईच्या हातात आली. तेव्हापासून दोन-तीन शेरडं सोडली तर मोठं जनावर एकही वाघाने नेलं नाही. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. लोक म्हणायचे, ठमीवर वाघदेवाची मर्जी आहे. मर्जी कसली असते ते आम्हाला या भादव्यात कळलं.

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. ओढा ओलांडला की ऐनाचं एक जुनं झाड आहे. त्याच्याखाली वाघदेव. देव म्हणजे लाकडाची जाड फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, आणि शेंदूर इतका की वाघाचे कान कुठे संपतात ते कळत नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला सगळा पाडा तिथे जमतो. गुराखी पुढे उभा राहून वर्षभरात रानात काय काय झालं ते देवाला मोठ्याने सांगतो. मग त्या वर्षी ज्याचं जनावर वाघाने नेलं असेल त्याने पुढे यायचं, फळीला शेंदूर लावायचा आणि म्हणायचं, "नेलंस ते तुझं. माझ्या मनात काय नाय." सगळ्यांचं म्हणून झालं की नारळ फुटतो, खीर वाटतात, पोरं वाघ-कोल्हा होऊन पळतात आणि मोठी माणसं त्यांच्यामागे. दुसऱ्या दिवसापासून गुरं पुन्हा ओढ्यापलीकडे जातात आणि गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताला विळा लागतो. एकाने जरी म्हणायचं ठेवलं, तर बारस झाली असं धरत नाहीत. गुरं दावणीला, विळे आढ्याला. मनात राग ठेवून वाघाच्या वाटेला जायचं नाही, असं बाप सांगायचा.

आई या बाबतीत भलती कडक. दोन वर्षांपूर्वी रखमी काकूची शेळी गेली होती. काकू पुढे आली आणि तोंडात सुपारी घोळवत, दात-ओठ खात ते दोन शब्द पुटपुटली. आईने तिला हात धरून बाजूला घेतलं. "काकू, घरी जा. पोटभर रड, शिव्या दे, मंग ये. आमी थांबतो." आणि खरंच अख्खा पाडा थांबला. काकू उन्हं वर आल्यावर लालबुंद डोळ्यांनी परत आली, म्हणाली, आणि मग नारळ फुटला. काकूने ते मनात ठेवलं, पण शेळीबद्दल नाही, आईबद्दल.

रुपा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आश्रमशाळेत नववीत होती, गणपतीच्या सुट्टीला घरी आलेली. आईला ताप भरला होता, उठवत नव्हतं. रुपा म्हणाली, मी नेते गुरं, मला वाट माहितेय. तिला खरंच माहीत होती, बापाच्या खांद्यावर बसून गेली होती ती त्या वाटेने. संध्याकाळी गुरं आपली आपण परत आली. सगळी. लोकांनी आपापली ओळखून बांधली, कुणी पेंढा टाकला, कुणी पाणी पाजलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मागे पोरगी नाही.

मी तेव्हा आसनगावला होते. तिथे एका कंपनीत पॅकिंगला आहे, दोघी मैत्रिणींबरोबर खोलीत राहते, सुट्टीला घरी येते. फोन आला, जीप करून पोचेपर्यंत रुपाला चादरीत बांधलं होतं. तोंड बघू नको, असं सगळ्यांनी सांगितलं. पाय तेवढे पाहू दिले. अजून मला तेच दिसतात, घोट्याला चिखल, एका पायात चप्पल. माझा हात तिच्या पायावरून कुणी काढला ते मला आठवत नाही.

वनखात्याची माणसं आली, ठसे पाहिले, पिंजरा लावला. त्यात काही आलं नाही. आमदारांच्या माणसाने येऊन आईला साडी दिली. मंगळ्या भगत, म्हणजे पाड्याचं देवाधर्माचं सगळं बघणारा म्हातारा, तो येऊन म्हणाला, देवाची इच्छा. मी त्याला विचारलं, आजा, ही इच्छा त्याला तुझ्या घरात का झाली नाही? तो तंबाखू मळत बसला.

रुपाचे दिवस घालून झाले आणि दुसऱ्या सकाळी आई उठली, काठी घेतली, कमरेला तेलाची बाटली खोचली. रोज गुरं नेताना ती वाघदेवापुढे दिवा लावायची. मी दारात आडवी झाले.

"कुठं चाललीस?"

"गुरं सोडाय."

"आणि तेल कशाला?"

"दिव्याला."

मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. त्या फळीची चूल पेटव म्हणाले. तुझ्या पोरीला खाणाऱ्याला तू तेल पाजतेस म्हणाले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिवा लावायचं माझं काम हाय. मी माझं काम करते. त्यानं त्याचं नाय केलं. ते त्याचं त्याला." मग मला हाताने बाजूला केलं आणि गेली. पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याच दुपारच्या जीपने निघाले आणि वाटेत ठरवलं की या बाईशी आता बोलायचं नाही. एक आठवडा बोलले नाही, मग मीच फोन केला.

वाघबारसेला मी मुद्दाम रजा टाकून आले. भक्तीने नाही. आईला त्या फळीपुढे एकटी उभी राहू द्यायची नव्हती. माझा चुलता, जगदीश काका, सकाळीच घरी येऊन गेला. चांगला बोलला. "वहिनी, आज जरा मन घट कर. दोन शब्द हायती." आईने मान हलवली. मला वाटलं, म्हणणार ही. नेलंस ते तुझं, म्हणणार. माझी बहीण त्याला देऊन टाकणार, वर मनात काही नाही म्हणून सांगणार, आणि मग हे लोक खीर खाणार.

ऐनाखाली सगळे जमले. खिरीचं पातेलं चुलीवर होतं, तवसं, म्हणजे मोठ्या काकड्या, कापून ठेवली होती. आई पुढे गेली आणि वर्षभराचं सांगायला लागली. बाळीची गाय पावसात घसरली, पाय धरला, आता बरी. वरच्या टेकाडावरची वाट खचली. वैशाखात दोन शेरडं गेली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारात काय भाव आहे ते सांगावं तसा. रुपाचं नाव आलं तेव्हाही बदलला नाही. "भादव्यात मी पडून व्हते. माझी रुपी गुरं घिऊन आली. गुरं घरी आली, ती नाय आली." शेरडंवाले दोघे आले, म्हणून गेले. मग मंगळ्याने शेंदराची वाटी आईपुढे धरली.

"ठमे, आता तुझं."

आईने वाटी घेतली नाही.

"माझ्या मनात हाय," ती म्हणाली.

"काय हाय?"

"राग हाय. लय हाय. मी नाय बोलणार." हे तिने भगताला सांगितलं नाही, लोकांनाही नाही. फळीकडे बघून सांगितलं. मग वळली आणि घराची वाट धरली.

मागे पातेल्यात खीर लागल्याचा वास आला. कुणी नारळ फोडला नाही. मी आईच्या मागे धावत होते आणि मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. हो, आनंदच. रुपा गेल्यापासून पहिल्यांदा मला पोटात हलकं वाटलं. मला वाटलं, सुटली आई. तोंडावर सांगून आली त्याला. आता हा पाडा, हे रान, ही फळी, सगळ्यांना लाथ मारून माझ्याबरोबर येईल.

पुढचे दिवस पाड्याने आपला खरा रंग दाखवला. गुरं दावणीला हंबरत होती, गेल्या वर्षीचा पेंढा संपत आला होता. गरवं भात पिकून वाकलं होतं, वाऱ्याने दाणा गळायला लागला होता. दिवाळी झाली की अर्ध्या पाड्याला वीटभट्टीवर नेणारे ट्रक येतात, त्याआधी भात घरात यायला हवं. रखमी काकूने आईला विहिरीवर गाठलं. "एका तुझ्या तोंडापायी पाडा उपाशी मारशील गो. माझ्या शेळीच्या टायमाला लय शानपण शिकवलंस." दोन वर्षं जपून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. आईने हंडा भरला आणि आली. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली तर बायका आपापले हंडे बाजूला घेऊन उभ्या राहिल्या. दिवाळीत आमच्या दारात कुणी आलं नाही. आमच्या पडवीत कुणीतरी मेलेली कोंबडी टाकली. ती मी उचलून भर रस्त्यात फेकली आणि ज्यांची कुणाची असेल त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मला एवढंच कळत नव्हतं की हे लोक गप गुरं सोडून मोकळे का होत नाहीत. कंपनीतली माझी मैत्रीण फोनवर म्हणालीही तसं. पण नाही. देव मानत नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि मानतो म्हणून थांबायची कुणाची तयारी नव्हती. मग उरली ठमी. तिला दाबणं सोपं.

जगदीश काका परत आला. या वेळी बसला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला.

"वहिनी, नुसतं तोंडानं बोल. मनात काय ठेवायचं ते ठेव. कोण बघाय येतंय?"

"तो."

"कोण तो?"

"ज्याच्याशी बोलायचं तो."

काका वैतागला. "अगो, लाकडाची फळी ती. तुलाबी ठावं, मलाबी ठावं. रीत हाय म्हणून करायचं."

"मंग फळीपुढं उभी रहाय मला कशाला सांगतोस?"

मी फिसकन हसले. काका माझ्याकडे वळला. "तू हस. तुझा पगार येतो. आमचं भात गळतंय." तो गेला आणि मी आईच्या गळ्यात हात टाकले. म्हटलं, बरं केलंस, असंच पाहिजे यांना. आई माझ्याकडे बघत राहिली. माझं काय चाललंय ते तिला कळत नसावं.

संध्याकाळी मंगळ्या भगत काठी टेकत आला. त्याला आईने चहा दिला. तो बशीत ओतून सावकाश प्यायला आणि म्हणाला, "ठमे, एक सांगतो. माझा बैल नेला व्हता त्यानं. तुझ्या लग्नाच्या आदी. लय गुणाचा बैल. मी तवा बोललो, मनात काय नाय. व्हतं मनात, लय व्हतं. तरी बोललो. मंग? काय झालं? काय नाय झालं."

"तवापासून दिवा लावताना काय वाटतं तुला आजा?" आईने विचारलं.

म्हातारा विचार करत राहिला. "काय वाटायचं. दिवा लावतो."

"बघ," आई म्हणाली.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला आणि उठला. त्याला आईचं म्हणणं कळलं होतं. मला कळलं नव्हतं. तो गेल्यावर मी आईला म्हटलं, "आये, तू सरळ सांग ना सगळ्यांना. आता माझा त्याच्यावर विश्वास नाही म्हणून सांग. मग कोण जबरदस्ती करणार?"

आई भाकरीसाठी नाचणीचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"इस्वास नाय असं कोण बोललं?"

"तूच. सगळ्यांसमोर."

"मी बोलले राग हाय." ती माझ्याकडे वळली. "दिपे, इस्वास नसता तर मी कवाच बोलून मोकळी झाले असते. फळीपुढं दोन शब्द बोलाय काय जातं? काका बोलंल, भगत बोलला, रखमी बोलली. तो ऐकतो, म्हणून माझी जीभ उचलत नाय. त्याच्याशी खोटं कसं बोलू?"

म्हणजे एवढे दिवस मी जिच्या नावाने मनात गुढ्या उभारत होते, ती बाई त्या फळीला सोडून आलीच नव्हती. अख्ख्या पाड्यात त्याला खरा धरणारी ती एकटीच होती, आणि म्हणूनच सगळा पाडा तिच्या उरावर बसला होता. मला तिचा असा राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. भगताचा आला नव्हता, काकाचा आला नव्हता, इतका आईचा आला.

"ऐकतो?" मी म्हणाले. "मग रुपी ओरडली तेव्हा कुठं होता तो?"

आईचं तोंड उतरलं. ती पीठ तसंच टाकून मागच्या दारी गेली आणि अंधार पडेपर्यंत आत आली नाही. भाकऱ्या मी भाजल्या. कुणी खाल्ल्या नाहीत.

शेवटी पाड्याने तोडगा काढला. जगदीश काकाचा मोठा, रोशन, गुराखी होणार. पंचवीस वर्षांचा, कामधंदा नसलेला, कानात सतत काहीतरी खुपसलेला. रुपी आमच्याच कुळातली, तेव्हा तिच्या नावाने तोच बोलणार. हे कुणाच्या डोक्यातून आलं कुणास ठाऊक, पण भगताने मान डोलावली आणि सगळ्यांना एकदम हुशारी आली. आईला कुणी विचारलं नाही. फक्त निरोप आला, काठी घेऊन ये.

आई गेली. मीही गेले. पुन्हा खीर, पुन्हा तवसं. आईने काठी स्वतःच्या हाताने रोशनला दिली. ती काठी बापाची होती, आईच्या हाताने गुळगुळीत झालेली. रोशनने ती घेतली, शेंदराची वाटी घेतली, फळीला बोट लावलं आणि पटकन बोलून टाकलं. "रुपी आमच्याच घरातली. नेलंस ते तुझं. आमच्या मनात काय नाय." मधेच त्याचा फोन वाजला, तो त्याने खिशावरूनच दाबला. त्याच्या मनात खरोखरच काही नव्हतं. रुपाला त्याने शेवटचं कधी पाहिलं तेही त्याला सांगता आलं नसतं.

नारळ एका घावात फुटला. लोक खूश झाले, चांगलं लक्षण. आई तोवर कडेला उभी होती. ती दोन पावलं पुढे झाली, फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्ये माझं बोलणं नाय. ध्यानात ठेव." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काका दात आवळून म्हणाला, "वहिनी, आता बास." पोरं वाघ होऊन पळायला लागली होती. आम्ही खीर न घेता आलो.

आणि मग काही झालं नाही.

मी वाट पाहत होते. देवावर विश्वास नसलेली मी आसनगावला पॅकिंगच्या टेबलावर खोकी चिकटवत वाट पाहत होते, की आता फोन येईल. रोशनला काहीतरी होईल, काकाचा बैल जाईल, रखमीच्या खळ्याला आग लागेल. कुणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. नाही, खोटं कशाला बोलू, व्हावं म्हणूनच. आईच्या बाजूने त्याने एकदा तरी उभं राहावं, एवढंच. पण गुरं गेली आणि रोज संध्याकाळी परत आली. भात कापलं, झोडलं, घरोघर भरलं. रोशनने काठीला रंगीत टेप गुंडाळला आणि रानातले व्हिडिओ टाकायला लागला. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, ते काही उगाच नाही. रोशनचं खोटं त्याने गोड मानून घेतलं, आणि आईचं खरं त्याच्या कुठल्या कानात शिरलं ते त्यालाच ठाऊक.

आईला झोडणीला कुणी बोलावलं नाही. गुराख्याला पाड्याकडून जे भात मिळतं ते रोशनच्या घरी गेलं. ट्रक आले, अर्धा पाडा भट्टीवर गेला. राहिलेल्यांतली निम्मी दारं आई दिसली की लागायची. मग मी ठरवलं, आता तिला आणायचीच. खोलीतल्या मैत्रिणींशी बोलले, त्या चांगल्या आहेत, हो म्हणाल्या. रविवारी पहिल्या जीपने निघाले. घरी पोचले तर दार ओढलेलं आणि आई नाही. कुठे असणार ते मला सांगायला कुणी लागत नव्हतं.

ओढ्यात घोट्याएवढंच पाणी उरलं होतं. ऐनाखाली दिवा जळत होता. आई तिथेच बसली होती, पण फळीकडे पाठ करून. तोंड ओढ्याकडे, गुडघे पोटाशी घेतलेले. सासरहून रुसून आलेली बाई पडवीत बसते ना, तशी.

"हे काय नवीन?" मी म्हटलं.

"त्याचं तोंड बघाय नको वाटतं."

"मग येतेस कशाला?"

मी तिच्यासमोर बसले आणि सगळं एकदाचं बाहेर काढलं. म्हटलं, आता तू गुराखी नाहीस. दिवा लावायचं काम तुझं नाही, ते रोशनचं आहे, तो लावत नाही तो भाग वेगळा. काठी गेली, भात गेलं, माणसं गेली. तू खरी राहिलीस, काय मिळालं? तो एका शब्दाने बोलला का तुझ्याशी? रोशन खोटं बोलला, त्याला काय झालं? आये, तिथं कुणी नाहीये. आणि असलाच कुणी तर त्याला तुझी काही पडलेली नाही. सोड त्याला. माझ्याबरोबर चल. सगळं म्हणाले. रडले पण. आई ओढ्याकडे बघत ऐकत होती. अधूनमधून मान हलवत होती. मी सांगत होते त्यातलं पुष्कळसं तिला पटत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"खरं हाय," ती म्हणाली. "मलाबी कवा कवा वाटतं, कोण नाय हितं. सकाळी येते तवा वाटतं. येडी म्हातारी फळीला तेल घालते, असं वाटतं."

"मग?"

"तू इचारलंस ना मला त्या दिवशी. रुपी ओरडली तवा कुठं व्हता."

मला तोंड लपवावंसं वाटलं. मी म्हटलं, रागात बोलले गो.

"नाय, बरोबर इचारलंस. मी तवाधरनं त्योच इचार करते." तिने पदराने नाक पुसलं. "मी तापात पडले व्हते. तू तिकडं आसनगावला. काका त्याच्या घरी. पाडा आपापली गुरं बांधीत व्हता. माझ्या पोरीजवळ कोण व्हतं? तिनं मला हाक मारली का बापाला मारली, लय वेळ लागला का पटकन झालं, घाबरली का येळच नाय मिळाला, ह्ये कुणाला ठावं? मला नाय. तुला नाय. व्हताच कुणी, तर एकटा ह्यो व्हता."

तिने मान वळवली नाही, नुसता अंगठा खांद्यावरून मागे केला.

"ह्याला सोडला, तर रुपीचं कुणाला इचारू?"

जीप खाली उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, तो इथवर ऐकू येत होता. मी विचारलं, "आणि त्याने नाहीच सांगितलं तर?"

"उद्या परत येईन," आई म्हणाली. "कुठं जातोय तो."